कमानीवरची पाटी

माझा धाकटा भाऊ पाळक आहे. लोक त्याला पाळकसाहेब म्हणतात, दिसला की हात जोडतात, लग्नकार्यात पहिल्या रांगेत बसवतात. मानाने पोट भरत असतं तर माझी भावजय एव्हाना चांगली गरगरीत झाली असती. ती तशी झालेली नाही. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, आणि कुणी विचारलं तर ती हसून सांगते, मापाच्या मिळाल्याच नाहीत.

मी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, 'येथे गाडी लावू नये' अशा. काम नवऱ्याचं, तो गेल्यावर मी चालवलं. बायकांनी शिडीवर चढून पाट्या लावणं लोकांना आधी खटकलं, मग सवय झाली, आणि आता सगळे मला पेंटरबाई म्हणूनच ओळखतात. धाकटाही लहानपणी याच दुकानात माझ्या नवऱ्याच्या हाताखाली शिकला. खरं सांगायचं तर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला. मला अक्षरं पट्टी लावून आखावी लागतात. तो नुसता एक डोळा मिटून पत्र्याकडे बघायचा आणि ओळ सरळ यायची. नवरा म्हणायचा, हा पोरगा पुढे दुकान सांभाळेल, आपण निवांत बसू.

पण या शहाण्याला पाळक व्हायचं होतं. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, की बाबा, खायचं काय? हा म्हणाला, देव आहे की. वडील म्हणाले, देव आहे हे मलाही माहीत आहे, मी जेवणाचं विचारतोय. तो प्रश्न तिथेच राहिला आणि हा शिकायला गेला.

पाळक झाला आणि चांगला झाला, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. मला बहीण म्हणून त्याचे दोषच जास्त दिसतात. पण कुणाच्या घरी आजारपण आलं, की डॉक्टरच्या आधी हा हजर. नवरा-बायकोचं वाजलं, की बोलवा पाळकाला. मूल शाळेत नापास झालं, घरमालकाने सामान बाहेर काढलं, म्हातारीला पेन्शनच्या रांगेत उभं राहवेना, की बोलवा पाळकाला. हा आपला सायकल काढतो आणि निघतो. एकदा रस्त्यात पडलेल्या एका दारुड्या इलेक्ट्रिशियनला त्याने खांद्यावर टाकून घरी पोहोचवलं, तर त्या माणसाच्या बायकोने दार उघडून यालाच झापलं, की इतका उशीर का केला.

आता त्या मंडळीबद्दल सांगते. मंडळी म्हणजे त्याच्या चर्चचे सभासद. माणसं वाईट नाहीत. पण त्यांना एक खोड आहे, आणि तिच्यावर माझं दुकान बरंचसं चालतं, म्हणून मला ती नीट माहीत आहे. त्यांच्याकडे नियमच आहे, की जो वस्तू देईल त्याचं नाव त्या वस्तूवर असलं पाहिजे. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी बसून ठराव केलाय तसा. बाकावर नाव, घड्याळावर नाव, पाण्याच्या पिंपावर नाव. कोपऱ्यातल्या कचरापेटीवरसुद्धा 'यांच्या स्मरणार्थ' असं मी स्वतः लिहिलंय. एका काकूंनी छताचा पंखा दिला, त्याच्या पात्यांवर सासऱ्यांचं नाव घातलं. पंखा चालू झाला की नाव दिसेना, म्हणून काकू भर उकाड्यात तो बंद ठेवायला लावायच्या. सगळी उपासना घामाने निथळायची, पण सासरे स्पष्ट वाचता यायचे.

पाळकाला मात्र काही द्यायचं झालं, तर पाटी लावायची कुठे? त्याच्या पाठीवर? मग कोण देणार?

पगार पूर्वी मुख्य कार्यालयातून यायचा. थोडाच, पण वेळेवर. मग काही वर्षांपूर्वी कार्यालयाने कळवलं, की यापुढे तुमच्या पाळकाचं तुम्ही बघा. हे कळवलं पंचांना. पंचांनी ठरवलं, की लोकांना उगाच घाबरवायला नको, रविवारी थाळीत पडतं त्या अर्पणातून भागवू. म्हणून त्यांनी ते उपासनेत कधी सांगितलंच नाही. लोक बिचारे समजत राहिले, की पाळकाचा पगार मुख्य कार्यालयाकडून येतो, आपलं अर्पण दिवाबत्तीला आणि झाडलोटीला. मग थाळीत पडणार काय? चिल्लर. आणि हा व्यासपीठावर उभा राहून क्षमेवर बोलतो, धीरावर बोलतो, शेजाऱ्यावर प्रेम करण्यावर बोलतो, पण मला पगार पुरत नाही एवढं एक वाक्य याच्या तोंडून निघत नाही. मी किती वेळा कानीकपाळी ओरडले. म्हटलं, अरे, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तर म्हणायचा, ताई, स्वतःच्या ताटासाठी व्यासपीठावरून बोलायची मला लाज वाटते. आणि लगेच पुढे, भागतंय ग.

भागतंय! त्याच्या मुलीच्या बुटांचे पुढचे तुकडे कापून भावजयीने त्या बुटांच्याच चपला केल्या होत्या, बोटं मावेनात म्हणून. भागत होतं ते असं.

या सगळ्याचे खजिनदार म्हणजे गावातले सिमेंटचे व्यापारी. गोड माणूस, आवाज चढवत नाही, सगळ्यांना नमस्कार आधी करतो. त्यांच्या मनात आलं, की चर्चला मोठी कमान पाहिजे. फाटक होतं, चांगलं होतं, पण कमान नव्हती. कमान बांधायची आणि तिच्यावर स्वतःच्या वडिलांचं नाव घालायचं. पंचांनी टाळ्या वाजवल्या. पाया खणला, सळया आल्या, गवंडी आले.

आणि पगार थांबला. आधी निम्मा झाला, मग पुढच्या महिन्यावर गेला, मग त्याचं नावच कुणी काढेना.

एका दुपारी धाकटा दुकानात आला. सायकल बाहेर भिंतीला टेकवली आणि नुसता उभा राहिला, पत्र्यांकडे बघत. मी म्हटलं, पाणी हवंय का? तो म्हणाला, काम आहे का? मला वाटलं, चर्चचं काही रंगवायचं असेल. मग त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं, की हा माझ्याकडे काम मागायला आलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नव्हे. पण समोर तोच होता, म्हणून त्याच्यावरच ओरडले. तो ऐकून घेत होता. ओरडून झाल्यावर मी त्याच्या हातात ब्रश दिला.

मग आठवड्यातल्या काही दुपारी तो येऊ लागला. घरभेटी आटपायच्या, सदरा काढून खुंटीला लावायचा, आणि मागच्या बाजूला पत्र्यांच्या आडोशाला बसून पाट्या रंगवायच्या. हात जराही विसरला नव्हता. उलट मला वाटायचं, तिथे बसल्यावर त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. काम करताना गुणगुणायचा. संध्याकाळी मी मजुरी दिली, की ती न मोजता खिशात घालायचा आणि वाण्याकडे वळायचा. भावजयीने एकदा मला गाठलं आणि एवढंच म्हणाली, वन्सं, तुमच्यामुळे घरात दिवा लागतो. मी तिला म्हटलं, माझ्यामुळे काही लागत नाही, तुझा नवरा काम करतो.

खजिनदारांनी कमानीवरच्या पाटीचं काम अर्थातच मलाच दिलं. संगमरवर महाग पडतो म्हणाले, पत्र्यावरच रंगवा, पण उठावदार. वडिलांचं नाव मोठं, खाली 'यांच्या स्मरणार्थ ही कमान अर्पण'. मी ते काम धाकट्याला दिलं. मुद्दाम नाही दिलं, मोठी अक्षरं त्याचीच चांगली येतात म्हणून दिलं. त्याने वाचलं आणि इतक्या सुंदर अक्षरात ते नाव काढलं की मला त्या पत्र्याचा राग आला.

पाटी वाळत होती, त्याच दिवशी खजिनदार बघायला आले. धाकटा मागे होता. मी पुढे बसून बिलाचं बोलत होते. मी सहज म्हटलं, कमानीला बराच खर्च आला असेल हो तुम्हाला. तर ते मोकळेपणाने हसले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं, हे मला अजून आठवतं.

"सिमेंट माझ्या दुकानचं," ते म्हणाले. "बाकी अर्पणाच्या पेटीतून केलं. पाळकसाहेबांचा पगार जरा मागे ठेवला. काय आहे पेंटरबाई, गवंडी थांबत नाही, लोखंडवाला थांबत नाही. पाळक आपला घरचा माणूस. घरच्या माणसाला थांबवता येतं."

याला म्हणतात हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आणि माझं बिलही त्याच पेटीतून यायचं होतं. म्हणजे माझ्या भावाचा पगार मला मिळणार, आणि त्यातून मी माझ्या भावाला मजुरी देणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते पाटी बघायला म्हणून मागे वळले, पत्रे बाजूला केले, आणि त्यांच्या वडिलांच्या नावासमोर बनियनवर, नाकाला काळा रंग लागलेला, आमचा पाळक बसला होता.

त्याने सगळं ऐकलं होतं. तरी हात पुसून उठला आणि खजिनदारांना नमस्कार केला.

त्याच आठवड्यात पंचांनी त्याला बोलावलं. तिथे काय झालं ते त्याने मला तुकड्या-तुकड्याने सांगितलं, कारण पूर्ण सांगितलं तर मी तिथे जाईन ही त्याला भीती. पंच म्हणाले, पाळकाच्या हातात शास्त्र शोभतं, ब्रश नव्हे. बाहेरचे लोक काय म्हणतील, आपली मंडळी पाळकाला पोसत नाही? (बाहेरचे लोक काय म्हणतील याची काळजी होती, पोसत नाही याची नव्हती.) शेवटी ठरलं, की कमान अर्पण करायच्या रविवारी पाळकसाहेबांनी सर्वांसमोर सांगावं, की मी ते काम सोडलं. नाहीतर राजीनामा द्यावा आणि चर्चने राहायला दिलेल्या घराची किल्ली.

पगार द्यायचा नाही आणि कमवूही द्यायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा कुठला असतो? ज्याच्या नावाने ही चर्चं उभी आहेत तो सुताराच्या घरात वाढला. त्याच्या हाताला लाकडाचा भुसा चालला आणि माझ्या भावाच्या हाताला रंग चालत नाही?

मी धाकट्याला म्हटलं, किल्ली फेकून ये. दुकान अर्धं तुझं. त्याने नकार दिला नाही. तो म्हणाला, विचार करतोय. आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली, कारण मी इतकी वर्षं त्याला हेच सांगत होते आणि आता तो ऐकेल असं दिसत होतं. त्याने पाळकपण सोडलं असतं तर त्या इलेक्ट्रिशियनला कुणी उचललं असतं? पेन्शनच्या रांगेत कोण उभं राहिलं असतं? दुकानाला पेंटर मिळाला असता. पण ब्रश हातात घेऊन माझा भाऊ आयुष्यभर पत्र्यामागे गप्प बसला असता, जसा आजवर व्यासपीठामागे गप्प बसला तसाच.

शुक्रवारी तो दुकानात आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एकूण किती महिन्यांचा पगार राहिलाय रे? तो म्हणाला, नऊ. रविवारी काय बोलणार, विचारलं. म्हणाला, अजून ठरलं नाही.

तो गेल्यावर मी पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. पांढरा हात मारला, आणि शनिवारी सकाळी वाळल्यावर पट्टी लावून, आखून, माझ्या सरळसोट अक्षरात लिहिलं. माझा हिशेब साधा होता. त्यांचाच ठराव आहे, की जो देईल त्याचं नाव वस्तूवर असलं पाहिजे. मी फक्त ठराव पाळला. दुपारी शिडी नेऊन पाटी कमानीवर बसवली, वरून कापड बांधलं. खजिनदारांचा नोकर खाली उभा होता. तो म्हणाला, छान दिसतेय. कापडच दिसत होतं त्याला.

रविवारी उपासनेआधी सगळी मंडळी कमानीखाली जमली. पंच नव्या कपड्यांत, मधोमध खजिनदार. धाकटा पांढऱ्या झग्यात, भावजय मुलीचा हात धरून मागे. मी माझी पिशवी घेऊन शिडीजवळ; स्क्रूच्या डोक्यांवर रंग लावायचा राहिला होता, तो नंतर लावायचा म्हणून. खजिनदार वडिलांच्या औदार्यावर बराच वेळ बोलले. मग दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांना कुठलीही पाटी मोठ्याने वाचायची सवय. त्यांनी वाचलं, "ही कमान आमच्या पाळकांच्या ९ महिन्यांच्या पगारातून उभी राहिली."

 मग मास्तरीणबाईंनीच विचारलं, म्हणजे पाळकसाहेबांचा पगार मुख्य कार्यालयातून येत नाही का? मागून कुणी म्हणालं, येतो की, पहिल्यापासून येतो. दुसरं कुणी म्हणालं, मग हे काय लिहिलंय? आणि सगळे पंचांकडे बघायला लागले, आणि पंच मूग गिळून आपल्या नव्या बुटांकडे.

खजिनदारांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच गोड. ते म्हणाले, पेंटरबाईंकडून काहीतरी गोंधळ झालाय, पाटी उलटी लागली. आणि मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्हीच सांगा यांना, हे चूक आहे म्हणून."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मला माहीत होतं तो काय म्हणणार. लहानपणापासून माहीत आहे. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हा सॉरी म्हणतो. आता म्हणेल, देवाची कृपा आहे, भागतंय, चला आत जाऊ. मग राजीनामा देईल, किल्ली देईल, आणि माझ्या दुकानात येऊन पत्र्यामागे बसेल. भावजय खाली बघत होती. त्याने एकदा पाटीकडे बघितलं, एक डोळा मिटून, ओळ सरळ आहे का बघतात तसं.

"हो, चूक आहे," तो म्हणाला.

खजिनदारांनी श्वास सोडला. माझा कोंडला.

"नऊ नाहीत," तो म्हणाला. "अकरा आहेत. ताई, ब्रश दे."

मी पिशवी उघडली. डबीचं झाकण निघेना. त्याने तोवर झग्याचा घोळ एका हातात गोळा केला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खजिनदार पुढे झाले, म्हणाले, पाळकसाहेब, अहो, आपलं काय ठरलं होतं, ब्रश की व्यासपीठ. पण शिडी कमानीखालच्या फरशीवर हलत होती, आणि मास्तरीणबाईंनी, ज्यांनी अर्ध्या मंडळीला बाकावर उभं करून शिकवलंय, खजिनदारांकडे वळून शांतपणे म्हटलं, "खजिनदार, बोलत काय उभे राहिलात. शिडी धरा."

आणि त्यांनी धरली. दोन्ही हातांनी.

लिहिताना चुकलं की पेंटर ते पुसतो, खोडत नाही. धाकट्याने पुसलं नाही. नवावर एक आडवी रेघ मारली आणि वर अकरा लिहिले, म्हणजे दोन्ही वाचता येतील असे. न आखता लिहिले तरी सरळ आले. मग शिडीवरूनच सगळ्यांकडे वळला आणि मुख्य कार्यालयाने काय कळवलं होतं, ते कुणी दाबून ठेवलं, पेटीतलं काय कुठे गेलं, हे सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. दर दोन वाक्यांनी श्वास घेत होता, पण थांबला नाही. म्हणाला, आजवर मी बोललो नाही ही तुमची नव्हे, माझी चूक. यापुढे मी मागेन. आणि जोवर मिळत नाही तोवर दुपारी पाट्या रंगवेन, ज्याला बघायचं त्याने दुकानात येऊन बघावं. भावजय आता खाली बघत नव्हती.

तो उतरला तेव्हा झग्याच्या बाहीला काळा रंग लागला होता. मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुढे झाले आणि बाही घासता घासता दात-ओठ खाऊन त्याला विचारलं, की मला नऊ का सांगितलेस रे? सख्ख्या बहिणीला?

तो हळूच म्हणाला, "अकरा सांगितले असते, तर तू पाटीऐवजी खजिनदारांनाच रंगवलं असतंस."

तेवढं मात्र खरं होतं.